टोचतं का, असं विचारायचं नाही

पत्र आलं तेव्हा मी छापखान्याच्या मागच्या पायरीवर बसून डबा खात होतो. निळं आंतर्देशीय पत्र होतं. डिंक जास्त झाल्यामुळे ते घट्ट चिकटलं होतं आणि उघडताना त्याचा एक कोपरा फाटला. अक्षर शाळकरी मुलीचं, गोल आणि सावकाश काढलेलं. मजकूर मात्र तिच्या वडिलांचा. त्यांनी सांगितला होता, तिने लिहून घेतला होता. सगळ्या मिळून सहा ओळी होत्या. त्या वाचून मी पत्राची घडी घातली, ते खिशात ठेवलं आणि उरलेली भाकरी संपवली. संध्याकाळी उत्तर लिहू, असं ठरवलं.

ही एकोणीसशे एकोणसत्तर सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. त्या संध्याकाळी उत्तर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे ते पत्र माझ्याबरोबर चार घरं फिरलं. शब्दकोशात राहिलं, मग पत्र्याच्या पेटीत, मग पुन्हा शब्दकोशात. बायकोने एकदा विचारलं होतं की हे कुणाचं, एवढं जपून ठेवलंय. मी म्हणालो, उत्तर द्यायचं राहिलंय. ती म्हणाली, मग द्या की. तिला ते किती सोपं वाटलं.

त्या सहा ओळी सांगायच्या तर आधी रांजणीला जायला हवं.

माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. आमच्या आजोबांनी ख्रिस्ती झाल्यावर कातडं कापायची रापी खाली ठेवली आणि पाटी हातात घेतली. वडिलांनी पाटी ठेवून खडू घेतला. आता मी खडूच्याही पुढे जाऊन पाळकाचा झगा घालावा, असं घरात ठरून गेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. मी पुस्तकात तोंड खुपसून बसणारा मुलगा. उपासनेत उभं राहून चार ओळी वाचायच्या म्हटलं तरी माझे कान गरम व्हायचे.

अकरावी झाल्यावर वडील मला आमच्या मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पाळक गोर्डेसाहेब यांच्याकडे घेऊन गेले. धर्मशिक्षणाच्या कॉलेजात जायला त्यांची शिफारस लागायची. गोर्डेसाहेब अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. त्यांनी माझ्याकडे वळूनही न बघता विचारलं, “नथनेल, तुला पाचारण झालंय का?”

देवाने एखाद्या कामासाठी माणसाला बोलावणं, याला आमच्यात पाचारण म्हणतात. ज्यांना ते झालं त्यांच्या हकिकती मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. कुणाला उजेड दिसला होता, कुणाच्या छातीत ऊब भरून आली होती, कुणी शेताच्या बांधावर ढसाढसा रडलं होतं. मला आजवर यातलं काहीच झालं नव्हतं.

“माहीत नाही, साहेब,” मी म्हणालो.

“झालंय,” वडील मागून म्हणाले. “त्याला सांगता येत नाही.”

“मास्तर, तुम्हाला झालं असेल तर तुम्ही जा कॉलेजात,” गोर्डेसाहेब म्हणाले आणि त्यांनी उरलेले दाणे एकदम टाकून दिले.

मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली. ते कुणालाच लगेच शिफारस देत नसत. आधी पंधरा दिवस एखाद्या कामकरी विश्वासणाऱ्याच्या मागे राहायचं. तो उठला की उठायचं, तो निघाला की निघायचं. बघायचं, पण मध्ये बोलायचं नाही, आणि त्याने सांगितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. वडिलांना वाटलं, साहेब मला स्वतःबरोबरच ठेवून घेतील. साहेब हसले. “माझ्यामागे फिरला तर त्याला नुसता माझा झगा दिसेल,” ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातात एक छोटी वही दिली. परत येताना तिच्यात एकच गोष्ट लिहून आणायची होती: प्रभूने मला कशासाठी बोलावलंय.

“कुणाकडे पाठवताय?” वडिलांनी विचारलं.

“रांजणीला. महारोग्यांच्या दवाखान्यात. यादवराव हिवाळे म्हणून आहेत, तिथे चपला करतात.”

वडिलांचा चेहरा उतरला. रोगाचं नाव ऐकून नव्हे, चपलांचं ऐकून.

यादवरावांना सगळा दवाखाना यादवमामा म्हणायचा. ते स्वतः कधीकाळी तिथे रोगी म्हणून आले होते. रोग बरा झाला, हात वाचले, डाव्या पायाची बोटं मात्र गेली. पत्र्याच्या शेडमध्ये ते मांडी घालून बसत. एका हाताला टायरचे तुकडे, दुसऱ्या हाताला स्पंजासारख्या मऊ रबराची गुंडाळी, समोर रापी, आरी आणि रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा. सकाळी कामाला बसण्याआधी ते डोळे मिटून रोज तीच प्रार्थना करत: “प्रभू, आज आमच्यामुळं कुणाच्या पायाला जखम होऊ देऊ नको. आमेन.” पहिल्या दिवशी मला वाटलं, एवढीच? आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा याहून लांब असायची.

त्या रोगात पायाची जाणीव जाते. खडा रुतला, काटा मोडला, निखाऱ्यावर पाय पडला तरी माणसाला कळत नाही. भाजल्याचा वास आला की मग तो खाली बघतो. अशा पायाला बाजारातली चप्पल म्हणजे वैरी. म्हणून यादवमामांच्या शेडमध्ये खिळा नावाला नव्हता. सगळं काम चिकटवलेलं आणि शिवलेलं. शिवणीची प्रत्येक गाठ बाहेरच्या बाजूला. त्यामुळे त्या चपला दिसायला ओबडधोबड असायच्या. आतून मात्र हात फिरवला तर तान्ह्या मुलाचा गाल.

चप्पल तयार झाली की यादवमामा तिच्यात हात घालत आणि डोळे मिटून बोटं कडेकडेने फिरवत. मग गिऱ्हाइकाच्या पायात घालत आणि म्हणत, जा, दोन तास आवारात फिरून ये. दोन तासांनी चप्पल काढून पाय मांडीवर घेत आणि उजेडात बघत. कुठे लाली आली असेल तर चप्पल परत, पट्टा परत, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन तास. घालणाऱ्याशी एरवी त्यांच्या भरपूर गप्पा चालत. पण चप्पल कशी वाटते, हे ते कधी विचारत नसत. माझ्या ते लक्षात आलं होतं. का विचारत नाहीत, हे मात्र लक्षात आलं नाही. मागे बसून बघण्याचं काम मी असं करत होतो.

त्यांची मुलगी सुवार्ता चौदा वर्षांची होती. शाळा सुटली की ती शेडमध्ये येई आणि चपलांच्या जोडांना नावांच्या चिठ्ठ्या बांधी, कारण यादवमामांना लिहिता येत नव्हतं. माझी वही तिच्या नजरेतून सुटली नव्हती. रोज विचारायची, “दादा, कोरीच का अजून?” मी हो म्हणालो की ती वडिलांकडे बघून हसायची.

एका दुपारी मी धीर करून यादवमामांना विचारलं की तुम्हाला पाचारण कसं झालं. मी वही उघडून बसलो होतो.

“मला?” ते म्हणाले. “डॉक्टरबाईंनी इचारलं, कातडं कापता येतं का? म्हणलं, येतं.”

“मग?”

“मग काय. कापाया लागलो.”

“पण आत काही जाणवलं असेल ना? मनात?”

त्यांनी थोडा विचार केला. माझी निराशा होऊ नये म्हणून असेल, बराच वेळ केला. “भूक लागल्याची आठवतीया,” ते म्हणाले. मी वही मिटली.

सालूबाई दवाखान्याच्या भटारखान्यात भाकऱ्या थापायची. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याने तिला बैलगाडीतून आणून फाटकाशी उतरवलं होतं, आणि तेव्हापासून माहेरचं किंवा सासरचं कुणी फिरकलं नव्हतं. लेकीचं लग्न झालं तेही तिला वर्षभराने कळलं. मी भित्रा आहे हे पहिल्याच दिवशी ओळखून ती मला पाद्रीबुवा म्हणू लागली. माझ्या ताटात भाकरी टाकताना म्हणायची, “घ्या पाद्रीबुवा, आन् बारक्या आवाजात का व्हईना, आशीर्वाद द्या.”

माझ्या आठव्या दिवशी ती शेडमध्ये आली ती वाऱ्यासारखी. टाकळीहून निरोप आला होता. लेकीला मुलगा झाला होता, आणि बारशाला आईने यावं असं लेकीने स्वतः सांगून पाठवलं होतं. सालूबाईला नवीन चपला हव्या होत्या. आणि त्या दवाखान्याच्या वाटायला नकोत, चारचौघींसारख्या दिसायला हव्यात.

“मामा, पट्ट्याला गोंडा लावा. लाल.”

“पायाला गोंडा कशाला गं, बारसं तुझं हाय का?” यादवमामा म्हणाले. पण ती हटेना.

त्यांनी जोड कापला, चिकटवला, शिवला. शेवटी उरले ते दोन गोंडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सुई पुढे केली. आठ दिवसांत पहिल्यांदा मला हात लावायला मिळत होता. गोंड्याची गाठ कुठे घ्यायची हे त्यांनी सांगितलं नाही. रोज समोर दिसतच होतं, वेगळं काय सांगायचं? पण मी जेव्हा शिवायला घेतलं तेव्हा मला त्यांच्या चपला आठवल्या नाहीत, आईचं शिवण आठवलं. घरात शिवताना आई गाठ नेहमी आत लपवायची, म्हणजे बाहेरून काम नीटस दिसतं. बारशाची चप्पल नीटस दिसायला हवी होती. मी दोन्ही गाठी आत घेतल्या, चांगल्या घट्ट मारल्या आणि वर सोल्यूशनचा एकेक थेंब सोडला. थेंब वाळून दगड झाला.

गुरुवारी यादवमामा रबर आणायला नगरला गेले. जाताना म्हणाले, सालूबाईला संध्याकाळी चालवू, शुक्रवारी बघू, शनिवारी ती जाईल. पण ते गेल्यावर तासाभरात टाकळीचा माणूस आला. बारसं शुक्रवारीच होतं आणि दुपारची मोटार धरावी लागणार होती. सालूबाई नऊवारी नेसून, बोचकं घेऊन शेडच्या दारात उभी राहिली. मी चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या. तिने घातल्या, दोन पावलं पुढे टाकली, दोन मागे.

मी विचारलं, “मावशी, टोचतं का कुठं?”

“न्हाई रे लेकरा. फुलावानी हायती.”

मला फार समाधान वाटलं. तेव्हा छातीत खरंच जराशी ऊब आली आणि मला वाटलं, हेच ते असेल का. मी तिचं बोचकं फाटकापर्यंत नेलं. ती गेल्यावर वही काढून एक ओळ लिहिलीसुद्धा. संध्याकाळी यादवमामा आले. मी सांगितलं, तिला जावं लागलं, पण चपला छान बसल्या. त्यांनी टाकळीची मोटार कधी आहे ते विचारलं. शुक्रवारी मोटार नव्हती, नाहीतर मला वाटतं ते टाकळीला गेले असते.

रविवारी उपासना संपली आणि आम्ही सगळे चर्चच्या ओट्यावर आलो, तेव्हा फाटकातून सालूबाई येताना दिसली. नातवाचं नाव काय ठेवलं, विहिणीने कसं हाताला धरून पाटावर बसवलं, पाळण्याची दोरी कशी हातात दिली, हे ती लांबूनच सांगत आली. पदरात घुगऱ्या होत्या. तिने प्रत्येकाच्या हातावर मूठ मूठ घुगऱ्या घातल्या. ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, हसत, सरळ चालत. तिच्या मागे शहाबादी फरशीवर उजव्या पायाचे ओले, तांबडे ठसे उमटत गेले. हातात घुगऱ्या घेतलेली माणसं एकेक करून खाली बघायला लागली. फक्त तिला ठाऊक नव्हतं.

“का वं?” ती म्हणाली. “खा की. सोयर न्हाई लागत तुम्हांला.”

करंगळीच्या मुळाशी रुपयाएवढी जखम होती, आणि खोल. डॉक्टरबाईंनी पायाला प्लास्टर घालायला सांगितलं. सहा आठवडे खाटेवर. हाडापर्यंत गेलं नसलं तर बोट वाचेल, म्हणाल्या.

यादवमामा ती चप्पल घेऊन शेडमध्ये आले. त्यांनी माझा हात मनगटाशी धरला आणि चपलेत घातला. माझं बोट गाठीवर आलं. हरभऱ्याच्या डाळीएवढी होती ती.

“घावली?”

मी मान हलवली.

“तिला चालवलं न्हाईस, वेळ नव्हता. खरं हाय. मग जाऊ कसं दिलंस?”

“मी विचारलं तिला, मामा. टोचतं का म्हणून विचारलं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते. मला समजायला किती वेळ लागतो, हे बघत होते. मला समजलं तेव्हा मी खाली बसलो.

“जे तिला कळतच न्हाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “ते तिला इचारून काय व्हनार? चालवायचं, आन् मग पाय बघायचा. दुसरा उपाय न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तीच प्रार्थना केली. आज आमच्यामुळं कुणाच्या पायाला जखम होऊ देऊ नको. मला आमेन म्हणता येईना. ते डोळे मिटून थांबले. मी म्हणेपर्यंत त्यांनी रापी हातात घेतली नाही.

वहीतली ती एक ओळ मी इतकी गिरवून खोडली की पान फाटलं.

पंधरा दिवस भरले, पण मी गेलो नाही. गोर्डेसाहेबांना कार्ड टाकलं की प्लास्टर निघेपर्यंत राहतो. सकाळी मी शेडमध्ये बसे आणि दुपारी सालूबाईच्या खाटेशी. पहिल्या दिवशी तिच्यासमोर मला रडूच आलं. माफी कशी मागावी, हे मी रात्रभर जुळवलं होतं आणि त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तीच म्हणाली, “रडू नगा पाद्रीबुवा. गोंडा समद्यांनी बघितला. ईहिनीनं इचारलं, कुठनं घेतल्या?”

“मावशी, बोट गेलं असतं.”

“नऊ वर्सांत पयलं बोलावनं आलं व्हतं मला. बोट गेलं असतं तरी मी गेले असते.” मग तिने डोळे बारीक केले. “पर पुढच्या येळेला गाठ भाईर घे, मुडद्या.”

ती सांगे आणि मी तिच्या लेकीला पत्रं लिही. लेकीची उत्तरं आली की वाचून दाखवी, तेच तेच चार चार वेळा. शेजारच्या खाटांवरच्या बायकाही मग आपापली पत्रं घेऊन येऊ लागल्या. उपासनेत गरम होणारे माझे कान तिथे का गरम होत नव्हते, याचा मी तेव्हा विचार केला नाही. मी फक्त अक्षर नीट लागतंय का, एखादा शब्द सुटला तर नाही ना, एवढंच बघत होतो. एका बाईच्या पत्रात लेखनिकाने ‘आई बरी आहे’ऐवजी ‘आई बरी नाही’ लिहिलं होतं, आणि ती दोन महिने रडत होती. पुढची ओळ जुळत नव्हती म्हणून मला संशय आला. पुन्हा पत्र घालून विचारलं, तेव्हा आई बरी निघाली. यादवमामांनी ते ऐकलं आणि नुसतं “हं” म्हणाले.

सहाव्या आठवड्यात प्लास्टर कापलं. जखम भरली होती, बोट शाबूत होतं. नवा जोड यादवमामांनी मलाच करायला लावला, तळापासून गोंड्यापर्यंत. सालूबाई आवारात दोन तास फिरली. मी मागे मागे, ती पुढे, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी माझी थट्टा करत. मग मी तिचा पाय मांडीवर घेतला आणि उजेडात बघितला. कुठेही लाली नव्हती. या क्षणी तरी काहीतरी जाणवेल म्हणून मी वाट पाहिली. पोटात भूक होती, बाकी काही नाही.

मी घरी परतलो आणि कोरी वही गोर्डेसाहेबांपुढे ठेवली. म्हणालो, साहेब, मला काही जाणवलं नाही. जे एकदा जाणवलं ते चुकीचं निघालं. त्यांनी फाटलेलं पान बोटाने चाचपलं आणि बरं म्हणाले. महिन्याभराने त्यांनीच मला मिशनच्या छापखान्यात लावून दिलं, अक्षरांचे खिळे जुळवून झाल्यावर कच्चे छाप तपासायच्या कामावर. वडील माझ्याशी नाताळापर्यंत बोलले नाहीत.

आणि फेब्रुवारीत ते पत्र आलं. सुवार्ताच्या गोल अक्षरात यादवमामा सांगत होते:

“चि. नथनेल यास सप्रेम सलाम. पाळकसाहेब आले होते. तुला काही जाणवलं नाही, असं तू म्हणालास ते त्यांनी सांगितलं. सालूबाई बरी आहे, लेकीकडे दोनदा जाऊन आली. जाणवलं का, ते मी तुला विचारत नाही. तू थोडा चाल, मग पाय बघ, आणि काय दिसतं ते आम्हाला कळव.”

बस्स, एवढंच. यात उत्तर द्यायला अवघड काय होतं, असं कुणीही विचारेल. पण मला दर वेळी वाटायचं की अजून पुरेसं चाललो नाही. वर्षाने वाटलं, एक वर्ष म्हणजे काय. दहा वर्षांनी वाटलं, आता इतक्या उशिरा काय लिहायचं. यादवमामा वारले हे मला कुणाच्या तरी लग्नात कळलं, आणि त्यानंतर तर लिहायला पत्ताच उरला नाही, अशी मी मनाची समजूत घातली. छत्तीस वर्षं छापखान्यात काढली. गीतांची पुस्तकं, शब्बाथ शाळेचे धडे, लग्नपत्रिका, मृत्युलेख. प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत गेलो. लोक म्हणायचे, तुम्ही पाळक व्हायला हवं होतं, इतकं वाचलंय. मी हसायचो, कान गरम व्हायचे.

मागच्या वर्षी डॉक्टर म्हणाले की साखरेमुळे तुमच्या पायांची जाणीव गेली आहे. त्यांनी मला पायांच्या विभागात पाठवलं. तिथे एक तिशीतला तरुण स्टुलावर बसला होता. त्याने माझ्यासाठी आलेल्या चपला खोक्यातून काढल्या, एकीत हात घातला आणि डोळे मिटले. बोटं कडेकडेने फिरवली. मग चपला माझ्या पायात घातल्या आणि म्हणाला, “काका, दोन तास इथेच व्हरांड्यात फिरा. मग मला पाय दाखवा.”

“टोचतं का, ते विचारणार नाही?” मी म्हणालो.

तो हसला. “आत्याने विचारू दिलं नसतं. रांजणीला शिकलो मी. सुवार्ताआत्या. सत्तरीला आल्यात, पण पोरांनी केलेला एकेक जोड अजून हात घालून बघतात.”

मी दोन तास चाललो. त्या व्हरांड्याला एका बाजूला खिडक्या होत्या आणि खाली वडाच्या पारावर माणसं डबे उघडून बसली होती. सालूबाई पुढे चालली असती तर काय काय बोलली असती, हे आठवून मी दोनदा एकटाच हसलो. परत आलो तेव्हा त्या तरुणाने माझा म्हातारा पाय मांडीवर घेतला आणि उजेडाकडे वळवला. मीही वाकून बघितलं.

घरी येऊन लिहायला बसलो. मायन्यावरच तीन कागद गेले. चि. सुवार्ता लिहावं तर ती सत्तरीची, सुवार्ताबाई लिहावं तर तिने मला दादा म्हटलेलं. शेवटी लिहिलं ते असं:

“सुवार्ता, तुला सप्रेम सलाम. तुझ्या वडिलांनी चोपन्न वर्षांपूर्वी मला चालून बघायला सांगितलं होतं. मी चाललो. छापखान्यात होतो. अक्षरं तपासली, शेजाऱ्यापाजाऱ्यांची पत्रं लिहिली आणि वाचली. जाणवलं असं अजूनही काही नाही. पण आज पाय बघितला. लाली एकाच जागी आहे, तुमच्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं तिथे. बाकी कुठे नाही. तुझा, नथनेलदादा.”

चुका राहिल्यात का ते पाहायला मी ते चारदा वाचलं. मग नव्या चपला घालून पोस्टापर्यंत चालत गेलो. पेटी फाटकाशी होती, तांबडी, तोंडाशी रंग उडालेली. पत्र आत सोडलं, तरी मला तिथून हलवेना. मी फटीतून बोटं आत घातली आणि कडेकडेने फिरवली.

चहाच्या गाडीवरच्या माणसाने विचारलं, “आजोबा, काय राहिलं आत?”

“काही नाही,” मी म्हणालो. “अडकलं नाही ना, ते बघतोय.”

अडकलं नव्हतं.